पुढच्या रविवारचा कीपर

आमच्या क्लबात तीन गोलकीपर. थोरला, मधला आणि धाकटा. वयाने म्हणाल तर मी थोरल्याहून मोठा, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले, तरी धाकटा मीच. ही रांग वयाची नसते, मैदानात आधी कोण उतरणार याची असते. थोरला दर रविवारी खेळतो. त्याला काही झालं तर मधला. मधल्यालाही काही झालं तर मी. पण दोघंही कसे घोड्यासारखे धडधाकट! मी कुणाचं वाईट चिंतत नाही हो, पण अख्ख्या सीझनमध्ये साधी एक शिंक तरी?

लोकांना वाटतं, देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आहे म्हणजे केवढा मोठा माणूस. आहेच की. फक्त त्या लीगमध्ये मी एकही मॅच खेळलेलो नाही, एवढंच. खालच्या लीगमध्ये ढिगाने खेळलो. चिखलात खेळलो, दिवे गेलेले असताना खेळलो. मग वर आलो आणि बसलो. तेही बेंचवर नाही, बेंचवर मधला बसतो. मी क्लबचा ट्रॅकसूट घालून वर स्टँडमध्ये, खेळाडूंच्या बायकांच्या मागच्या रांगेत.

मग तुला ठेवलाय कशाला, असं कुणीही विचारेल. सांगतो. मी पुढच्या रविवारचा कीपर आहे.

म्हणजे असं. मंगळवारी आमचे मास्तर, म्हणजे गोलकीपरांचे कोच, मला एका खोलीत बसवतात आणि पुढच्या रविवारी ज्या टीमशी गाठ आहे तिच्या कीपरचे व्हिडिओ लावतात. तो कुठे उभा राहतो, पुढे कधी धावतो, कुठल्या गुडघ्यावर आधी बसतो, पेनल्टीला कुणीकडे उडी मारतो, सगळं मी बघायचं. बुधवारपासून मी तो. आमचे स्ट्रायकर आठवडाभर माझ्यावर सराव करतात, म्हणजे रविवारी खरा माणूस समोर आला की त्यांना वाटावं, हा तर आपल्या ओळखीचा. तो डावीकडे लवकर पडत असेल तर मीही डावीकडे पडायचं. चेंडू उजवीकडे चाललाय, डोळ्यांना दिसतोय, हात पोचतोय, तरी मुकाट्याने डावीकडे. सुरुवातीला एकदा मला राहवलं नाही आणि मी अडवला एक. तर मास्तर मैदानाच्या त्या टोकाहून ओरडले, "अरे, तो असता तर अडवला असता का?"

"नसता," मी म्हणालो.

"मग तू कशाला शहाणपणा करतोस?"

काम मला छान जमतं, हीच तर पंचाईत. आमच्या मुख्य स्ट्रायकरला सगळे नवरदेव म्हणतात, कारण सरावाला येतानासुद्धा तो आरशासमोर भांग पाडत बसतो. त्या नवरदेवाने माझं नाव झेरॉक्स ठेवलं. सीझनच्या सुरुवातीलाच त्याने एक झकास गोल केला आणि मॅच संपल्यावर कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "आठवडाभर यालाच तर मारत होतो!" सगळ्या स्टेडियमला मोठ्या पडद्यावर ते दिसलं. लोक हसले. वर स्टँडमध्ये मीही हसलो. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, त्यामुळे किती वेळ हसायचं ते कळेना.

क्लबने दिलेला फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. आधी राहून गेलेल्या खेळाडूंचं काही ना काही तिथे मागे राहिलंय. एक डंबेल, एका पोराची तीनचाकी, स्वयंपाकघरात सहा ताटं आणि पेला एकच. कपाटाला उंच आरसा आहे. संध्याकाळी त्या आरशासमोर मी त्या आठवड्याच्या माणसाला घोटून घोटून पाठ करतो. एक होता, तो चेंडू लांब मारायच्या आधी हातमोज्यांवर थुंकायचा. एक दोन्ही खांबांना हात लावून यायचा, आधी डावा, मग उजवा. एक तर सगळा वेळ आपल्याच बचावफळीवर खेकसायचा. मास्तर म्हणतात, सवयी कशाला उचलतोस, नुसती हालचाल उचल. पण सवयी उचलल्याशिवाय माणूस अंगात येत नाही, आणि एकदा आला की सहजासहजी जातही नाही. मी बेकरीत पाव घ्यायला गेलो आणि आत शिरताना दाराच्या दोन्ही बाजूंना हात लावला, आधी डावी, मग उजवी. बेकरीवाली बाई बघतच राहिली. पुढे कधीतरी मी तिच्यावर ओरडलो, "मागे बघ, मागे!" तिच्या मागे फक्त बिस्किटं होती. तेव्हापासून मला बघितलं की ती पाव आधीच बांधून ठेवते, म्हणजे मी लवकर जावं.

रविवारी खरा माणूस समोरच्या गोलमध्ये उभा राहिला की माझं काम संपतं. संध्याकाळपर्यंत तो माझ्या अंगातून उतरतो. मंगळवारी दुसरा येतो. राहिला सोमवार. सोमवारी सुट्टी असते आणि त्या दिवशी मी कुणीच नसतो. बाकीचे बायकापोरांत असतात, फिरायला जातात. मी कपडे धुतो, वाळत घालतो, वाळले का बघतो, परत बघतो. चहाचं पाणी उकळेपर्यंत गॅसजवळच उभा राहतो, कारण तिथून उठून जायचं तरी कुठे? एकटेपणा म्हणतात तो हाच, त्याला दुसरं गोंडस नाव द्यायची मला गरज वाटत नाही.

फोन करावा असं माणूस एकच. आई.

आई दूर आमच्या जुन्या घरी एकटी राहते. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नाही, पण दर रविवारी चष्मा लावून टीव्हीसमोर बसते. चेंडू कुठे चाललाय याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही. ती मला शोधत असते.

"काल दिसला नाहीस रे," ती सोमवारी म्हणते.

"गर्दी होती गं."

"त्या लाल टोपीवाल्याच्या मागे होतास का? जरा वाकून बसला होता बघ."

"हो आई, तोच मी."

"वाटलंच मला. सुकलायस."

लाल टोपीवाल्याच्या मागे कोण बसला होता देव जाणे. त्याच्या जिवावर आईचा आठवडा बरा जायचा. पुढच्या सोमवारी दुसरा कुणीतरी सापडायचा, खांबाआडचा नाहीतर छत्रीवाला, आणि मी प्रत्येकाला हो म्हणायचो. लग्नाचं विचारणं तिने दोन वर्षांपूर्वी सोडलं. विचारायची तेव्हा मी वैतागायचो, आणि सोडलं तर तेच जास्त लागलं.

थंडी आली आणि गेली. लीगची दुसरी फेरी सुरू झाली, म्हणजे प्रत्येक टीमशी परत एकदा गाठ, म्हणजे तेच कीपर माझ्या अंगात परत एकदा मुक्कामाला. थुंकणारा आला, खेकसणारा आला. आमची टीम ना वर, ना खाली. कप मिळण्याची आशा नाही आणि खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची भीतीही नाही. अशा टीमबद्दल लोक भांडतसुद्धा नाहीत.

सीझन संपत आला तेव्हा क्लबच्या ऑफिसात बोलावून मला सांगितलं, की पुढच्या वर्षी आम्ही एक तरुण कीपर घेतोय. फार गोड बोलले, कॉफी दिली. माझ्या वयाच्या, वरच्या लीगमध्ये एकदाही न खेळलेल्या माणसाला यानंतर कुत्रं विचारणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी कॉफी संपवली आणि तडक सामानाच्या खोलीत गेलो. मास्तर चेंडूंत हवा भरत होते.

"मास्तर, मला एक मॅच द्या."

"कशाला?"

कशाला! मी काहीतरी भारदस्त ठरवून आलो होतो, इतकी वर्षं घाम गाळला, वगैरे वगैरे. तोंडातून निघालं ते भलतंच. "आईला टीव्हीवर दिसायचंय. एकदा तरी. कुणाची नक्कल म्हणून नाही, मी म्हणून."

मास्तरांनी पंप थांबवला. माझ्याकडे बघितलं नाही. "बघू," म्हणाले, आणि परत हवा भरायला लागले.

त्यांच्या बघूवर मी किती जगलो ते माझं मला माहीत. एक रविवार गेला, दुसरा गेला. प्रत्येक वेळी टीमची नावं लागली की आधी मधल्याचं नाव वाचायचो, मग नवरदेवाचं, मग उगाच सगळ्यांची, म्हणजे आपलं नाही हे उशिरा कळावं. शेवटची मॅच उरली. समोरचा कीपर लांबड्या होता. लांबलचक माणूस, हात गुडघ्यापर्यंत. एकटा स्ट्रायकर अंगावर आला की तो डाव्या गुडघ्यावर लवकर बसायचा आणि उजवा हात पंख्यासारखा पसरायचा. बुधवारी मी लांबड्या झालो. गुरुवारी इतका झालो, की नवरदेव म्हणाला, "झेरॉक्स, आज तुझी उंचीपण वाढलीय."

शुक्रवारी सराव संपल्यावर मास्तर माझ्याशेजारून जाता जाता म्हणाले, "थोरल्याचा खांदा दुखतोय. मधल्याचं दुसऱ्या क्लबशी जमलंय, त्याला दुखापत नकोय. रविवारी तू." आणि निघून गेले. थोरल्याचा खांदा सकाळी तर चांगला होता. थोरला बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. माझ्याकडे बघेना. मला राग आला. ही भीक आहे, म्हटलं, तोंडावर फेकून द्यावी. मग आई आठवली आणि राग गिळला. भीक तर भीक.

आईला फोन केला.

"या वेळी कुठे बसणारेस?" तिने आधीच विचारलं. "टोपीवाला असेल का?"

"आई, बसणार नाहीये. खेळणारे. जाळीच्या पुढे एकटा उभा असतो ना, तो मी. शर्टही वेगळ्या रंगाचा असतो."

"म्हणजे शोधायला नको?"

"नको."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "चष्मा पुसून बसते," म्हणाली. "शेजारच्या काकूंना पण बोलावते. नेहमी विचारतात, मुलगा नक्की करतो काय."

शनिवारी आरशासमोर उभा राहिलो. लांबड्याला अंगातून काढायचं होतं. काढला. तर त्याच्या जागी थुंकणारा आला. त्याला घालवला तर खांबांना हात लावणारा. म्हटलं, अरे, माझा मी कुठे गेलो? मी कसा उभा राहायचो? हात किती वर असायचे? आधी कुठला पाय टाकायचो? आठवेना. कप्पाळ माझं! आणि विचारणार कुणाला? माझी नक्कल करायला कुणी ठेवलेला नव्हता. अंधार पडेपर्यंत गुडघे वाकवत, सरळ करत राहिलो. खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली.

रविवारी लख्ख ऊन होतं. स्टेडियम अर्धं रिकामं. ज्या मॅचने गुणतक्त्यात काहीच हलणार नाही ती बघायला कोण येतंय? माझी वरची रांग खालून बघितली. खेळाडूंच्या बायकांच्या मागे एक रिकामी खुर्ची होती. इतकी उंच असेल असं कधी वाटलं नव्हतं.

पहिला चेंडू सरळ हातात आला. एखादं पोरही पकडेल इतका सोपा. पण मला तो सोडवेना. छातीशी धरून उभा राहिलो, तर पंच म्हणाला, "चला, चला." मारायच्या आधी मी हातमोज्यांवर थुंकलो. थुंकल्यावर लक्षात आलं की ही माझी सवय नव्हे. पुढे एक कॉर्नर आला, तो मुठीने बाहेर ठोसला आणि आमच्या बचावफळीवर असा काही खेकसलो की पोरं दचकली. कॅमेरा माझ्यावर असेल, आई बघत असेल, हे डोक्यातून जात नव्हतं. हाफटाइमपर्यंत गोल नाही. मास्तरांनी पाण्याची बाटली पुढे केली.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा स्ट्रायकर, एक बुटका, चपळ माणूस, आमच्या दोन बचावपटूंच्या मधून निसटला आणि एकटा माझ्यावर आला. मी पुढे धावलो. विचार करायला वेळ नव्हता. डावा गुडघा आपोआप खाली गेला आणि उजवा हात पंख्यासारखा पसरला. बुटक्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. चेंडूखाली बोट घातल्यासारखा अलगद पाय घातला आणि चेंडू माझ्या उजव्या खांद्यावरून जाळीत.

परत जाताना तो मला म्हणाला, कुजकटपणे नाही, खरंच नवल वाटून म्हणाला, "अहो, हे तर आम्ही रोज सकाळी बघतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आठवडाभर मी लांबड्या झालो होतो, तो आमच्या लोकांसाठी. पण आज माझ्यासमोर लांबड्याचीच टीम होती! त्याला गोल कसा मारायचा हे अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात चांगलं कुणाला ठाऊक असेल, तर रोज सकाळी त्याच्यावर सराव करणाऱ्या त्याच्याच माणसांना. आणि मी त्यांच्यासमोर लांबड्या होऊन गुडघा टेकला. पलीकडच्या टोकाला खरा लांबड्या कमरेवर हात ठेवून उभा होता. तोही इकडेच बघत असावा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅच संपत आली आणि आमच्या एकाने बुटक्याला पाडलं. पेनल्टी.

बुटक्याने चेंडू ठेवला. मी रेषेवर उभा राहिलो. आता लांबड्या नको, मी मनात म्हणालो. थुंकणारा नको. खेकसणारा नको. एकेकाला हाताला धरून बाहेर काढलं. सगळे गेले आणि मग आत कुणी उरलंच नाही. डावीकडे जाऊ की उजवीकडे, सांगायला कुणी नाही. सगळे सोमवार एकदम येऊन उभे राहिले होते. बुटका धावत आला, मी कुणीकडे जातोय याची वाट बघत जरा अडखळला. मी हललोच नाही. हात खाली, पाय जवळ, नुसता उभा. त्याने चेंडू कोपऱ्यात ढकलला. तोही काही फार जोरात नाही. मी मान वळवून तो जाताना बघितला, जाळीत शिरून थांबेपर्यंत बघितला.

"हलायचं तरी!" नवरदेव तिकडून ओरडला. स्टँडमधून कुणीतरी शिटी मारली.

ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांच्या बॅगा आधीच भरलेल्या होत्या, सुट्टीच्या गप्पा चालल्या होत्या. मी शॉवरखाली उभा राहिलो तो पाणी गार होईपर्यंत. बाहेर आलो तर मास्तर दाराशी होते. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला, जरा दाबला. "हातमोजे राहू देत तुझ्याकडे," म्हणाले. मी मान हलवली.

फ्लॅटवर आलो. आईला फोन करायची हिंमत होईना. इतकी वर्षं खोटा का होईना, पण लाल टोपीच्या मागे बसलेला एक नीटनेटका मुलगा तिला दिसत होता. आज खरा दिसला, तो हा असा. तेवढ्यात तिचाच फोन आला.

"आई, दोन गोल खाल्ले मी."

"ते राहू दे रे. मी काय सांगते ते ऐक. आज आधी मला तू दिसलाच नाहीस."

"म्हणजे? मी सगळा वेळ तिथेच तर होतो."

"कुणीतरी होतं. काकू सारख्या म्हणत होत्या, हा बघा तुमचा, हा बघा तुमचा. मी म्हटलं, असेल बाई. थुंकत काय होता, ओरडत काय होता, गुडघ्यावर काय बसत होता! माझ्या मुलाचं यातलं काहीच नाही. मी आपली मागच्या गर्दीतच शोधत राहिले. म्हटलं, याने परत थाप मारलेली दिसते. लाल टोपीवाला पण नव्हता आज."

मी खाली त्या तीनचाकीवर बसलो. परत थाप, म्हणाली ती. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

"मग ते शेवटी एकट्याने मारायचं असतं ना," ती म्हणाली, "तेव्हा तो उभा राहिला. नुसता. हात खाली सोडून. आणि चेंडू गेला तसा मान वळवून बघत राहिला. मी खुर्चीतून उठलेच! बाबा घरामागे चेंडू मारायचे तेव्हा दोन विटांच्या मध्ये अस्साच उभा राहायचास तू. बाबा ओरडायचे, अरे हल, हल की! आणि तू आपला बघतोयस, चेंडू कुठे जातोय ते. तुला तो जाताना बघायलाच आवडायचं."

मी रडत होतो. अगदी मोठ्याने, लहान पोरासारखा. लपवण्यात काही अर्थ नव्हता, तिला ऐकू जातच होतं.

"आई, गोल झाला गं त्यात."

"झाला तर झाला." मग तिने जरा भीत भीत, नेहमी सोमवारी विचारायची तसं विचारलं, "तो तूच होतास ना रे?"

"हो आई," मी म्हणालो. "तोच मी."